लिंबू सोललंय पण खाल्लं कुणी नाही: सतराव्या शतकातली हार्लेमची टेबलं

निळीशाई
रेम्ब्रांट-व्हर्मीरवर इथे आधीच धागे आहेत, व्हॅन गॉगचं तर विचारूच नका, म्हणून आज त्याच हॉलंडमधल्या पण आपल्याकडे फारसं कुणी नाव न घेणाऱ्या दोघा चित्रकारांबद्दल लिहितेय. पीटर क्लाझ आणि विलेम क्लाझ हेडा. दोघंही हार्लेमचे, म्हणजे ॲमस्टरडॅमहून लोकलने जाण्याइतक्या अंतरावरचं गाव, दोघंही १६२० नंतरची तीसेक वर्षं जोरात, आणि दोघांनीही मुख्यतः एकच गोष्ट रंगवली, जेवता जेवता कुणीतरी मधेच उठून गेलंय असं टेबल. (नावातलं क्लाझ वडिलांच्या नावावरून आलंय, भाऊ-बिऊ नव्हेत.)

हेडाचं १६३५ चं एक चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, सोनेरी पेल्याचं म्हणून ओळखतात. मागे नुसती करडी-हिरवट भिंत. टेबलावर पांढरा कपडा, तोही नीट अंथरलेला नाही, एका बाजूला सरकलाय. चांदीचं एक पात्र आडवं पडलंय, शिंपले उघडलेत, काचेच्या सुरईत व्हिनेगर आहे, पाव आहे, आणि अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल गोल गोल फिरत टेबलाच्या कडेबाहेर लोंबतेय. सगळं मिळून रंग किती, तर करडा, हिरवट, तपकिरी आणि त्यात एक पिवळा आणि थोडं सोनं. बस. एवढ्यावर माणूस तुम्हाला दहा मिनिटं धरून ठेवतो.

बघायला लागलात की एकेक सापडत जातं. हिरव्या काचेचा जो जाड दांड्याचा वाइनचा ग्लास असतो, रोमर, त्याच्या पोटावर खिडकी दिसते. आख्खी खिडकी, तावदानांसकट, आणि ती खिडकी चित्रात कुठेच नाही, ती आपल्या बाजूला डावीकडे कुठेतरी आहे. मग त्याच ग्लासच्या पलीकडच्या कडेला त्याच उजेडाचा दुसरा, मंद डाग, कारण उजेड वाइनमधून आरपार जाऊन तिथे पोचलाय. ग्लासच्या दांड्यावर काचेचे बारीक फोड असतात, तेलकट हातातून निसटू नये म्हणून, तर त्या प्रत्येक फोडावर पण एक पांढरा ठिपका. सुरीची मूठ आपल्याकडे, निम्मी टेबलाबाहेर, म्हणजे हात पुढे केला तर उचलता येईल अशी.

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे मिऱ्याची पुडी. दोघांच्याही बऱ्याच चित्रांत आहे. छापील कागद फाडून केलेला कोन, कागद बहुतेक वेळा जुन्या पंचांगाचा, वर्ष संपलं की रद्दी. अक्षरं दिसतात त्यावर! चांदीच्या भांड्याशेजारी रद्दीची पुडी, आणि त्यात महागडा मसाला.

आता मुद्द्याचं. या चित्रांवर कुठेही वाचायला जा, पहिल्याच वाक्यात मृत्यू येतो. लिंबू म्हणजे दिसायला सुंदर पण आतून आंबट असं आयुष्य, पडलेला पेला म्हणजे सगळं क्षणभंगुर, पाव आणि वाइन म्हणजे ख्रिस्त. मला हे अजिबात पटत नाही, किंवा असं म्हणते की पटलं तरी पुरत नाही. ज्या माणसाने व्हिनेगरच्या सुरईतून दिसणारी भिंत कशी वाकडी होते हे बघायला दिवस घालवलेत तो मला प्रवचन द्यायला बसलेला वाटत नाही. तो बघायला बसलाय. प्रवचन नंतर आलेल्या लोकांनी चिकटवलंय.

तुम्हाला काय वाटतं? राइक्सम्युझियमच्या साइटवर ही चित्रं मोठ्या साइझमध्ये फुकट डाउनलोड होतात, मोबाइलवर नका बघू, लॅपटॉपवर उघडा आणि झूम करा.

कोकणचाकर
मस्त धागा. पण एवढे शिंपले उघडून ठेवले आणि उठून गेला? कोण हा नालायक. तिसऱ्या (आमच्याकडचे शिंपले) असत्या तर आमच्याकडे चित्र काढायला काही उरलंच नसतं.

शिरीषपुष्प
वाचनखूण साठवली. रात्री निवांत वाचते.

निवृत्त_कलाशिक्षक
निळीशाई, छान विषय घेतलात. आयुष्यभर इंटरमिजिएटच्या पोरांकडून स्थिरचित्र करून घेतलंय, म्हणून तंत्राच्या बाजूने थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट आय लेव्हल. आपल्या परीक्षेत पोरगं उंच स्टुलावर, वस्तू खाली पाटावर, त्यामुळे तांब्याचं तोंड एवढं मोठं लंबवर्तुळ दिसतं आणि तिथेच निम्म्या मुलांची दांडी उडते. क्लाझच्या आधीची जी पिढी होती ती पण टेबल असं वरूनच दाखवायची, जणू सगळ्या ताटल्या मोजून घ्यायच्यात, एकावर एक काही येऊ द्यायचं नाही. क्लाझ आणि हेडाने नजर खाली आणली. आता ताटल्यांची लंबवर्तुळं चपटी झाली, वस्तू एकमेकींच्या पुढे-मागे झाल्या, आणि भिंतीला जागा मिळाली. ती जी रिकामी भिंत आहे ना, तिच्याकडे नीट बघा, ती सपाट नाही. उजेड येतो त्या बाजूला ती काळपट आणि लांबच्या बाजूला उजळ असते, म्हणजे वस्तूची उजळ बाजू काळ्यावर आणि काळी बाजू उजळावर. ही युक्ती पोरांना सांगून सांगून घसा बसला.

दुसरं, करडा रंग. लोकांना वाटतं रंग कमी म्हणजे काम सोपं. उलट आहे. प्यूटर, म्हणजे कथलाचा मिश्रधातू, त्याच्या ताटल्या असतात या चित्रांत, तर प्यूटरला स्वतःचा रंगच नाही. शेजारी लिंबू असेल तर त्याचा पिवळा, कपडा असेल तर पांढरा, सगळं उसनं. तो उसना रंग योग्य जागी पडला की ताटली धातूची दिसते, नाहीतर पुठ्ठ्याची.

करायची पद्धत पण धीराची. बहुतेक ओकची फळी, त्यावर खडू आणि सरसाचा थर, मग सगळं चित्र आधी मंद तपकिरी-करड्यात बसवून घ्यायचं, ते वाळू द्यायचं, मग एकेक वस्तू रंगात, आणि शेवटी तेलात पातळ केलेले पारदर्शक थर. पांढरा म्हणजे शिशाचा पांढरा, विषारी पण त्यासारखा दाट पांढरा दुसरा नव्हता. लिंबासाठी शिसं आणि कथील मिळून केलेला पिवळा. या पिवळ्याची गंमत अशी की अठराव्या शतकात तो वापरातून गेला आणि लोक चक्क विसरले, १९४१ साली जर्मनीत जुन्या चित्रांचे रंग तपासताना तो पुन्हा सापडला.

आणि लिंबाची साल लोंबती का, तर एकाच वस्तूत तीन परीक्षा. बाहेरची खरखरीत साल, आतला पांढरा मऊ गाभा आणि रसाळ पाकळी. सालीवरचे खड्डे दाखवायला रंग मुद्दाम जाडसर लावलेला असतो, तिरप्या उजेडात खरोखरचे उंचवटे दिसतात. विलेम ब्यूर्स नावाच्या एका डच चित्रकाराने १६९२ साली एक पुस्तकच काढलं, त्यात लिंबू कसं, द्राक्ष कसं, रोमर ग्लास कसा रंगवायचा हे पाककृतीसारखं लिहून ठेवलंय, कुठला रंग आधी, कुठला वरून. द्राक्षावरची जी पांढुरकी भुकटी असते ती अगदी शेवटी, सगळं झाल्यावर.

उलटतपासणी
मास्तर, दंडवत. पण मूळ लेखाशी मी सहमत नाही. निळीशाई म्हणतायत प्रवचन नंतरच्यांनी चिकटवलं. मग त्याच क्लाझने रंगवलेल्या कवट्यांचं काय करायचं? न्यूरेम्बर्गच्या म्युझियममध्ये त्याचं एक चित्र आहे, कवटी, घड्याळ, उलटा पडलेला ग्लास, फोडलेला अक्रोड, व्हायोलिन. यात प्रवचन नाही असं कोण म्हणेल. आणि हे गिऱ्हाईक म्हणजे कॅल्व्हिनच्या कडक प्रोटेस्टंट पंथातले लोक, दर रविवारी चर्चमध्ये तास-तास ऐकणारे, घरात बोधचित्रांची पुस्तकं ज्यात प्रत्येक वस्तूखाली एक सुविचार. त्यांनी पडलेला पेला पाहिला आणि त्यांच्या मनात काहीच आलं नाही असं समजणं म्हणजे आपलं आजचं डोकं त्यांच्यावर लादणं झालं. कलेच्या इतिहासकारांमध्ये यावर चाळीसेक वर्षं भांडणं चाललीयत, एक पंथ म्हणतो सगळं प्रतीक, दुसरा म्हणतो हे लोक फक्त जगाचं वर्णन करत होते. तुम्ही सरळ दुसऱ्या पंथात जाऊन बसलात.

निळीशाई
@उलटतपासणी, कवटीवालं चित्र चांगलं काढलंत, कारण ते माझ्याच बाजूचं आहे :) त्याच टेबलावर डावीकडे एक काचेचा गोळा आहे, विसरलात का? त्यात आख्खी खोली दिसते, आणि खोलीत ईझलसमोर बसलेला स्वतः क्लाझ. सगळं नश्वर आहे हे सांगता सांगता माणूस गोळ्यात स्वतःला बसवून घेतो, मी इथे होतो आणि मला हे जमतं म्हणून. मला वैराग्य दिसत नाही त्यात, चांगलाच माज दिसतो, आणि हक्काचा माज.

बाकी कवटी असते तिथे प्रवचन आहे हे मान्यच. ज्याला कवटी दाखवायची तो कवटी दाखवतो. माझं म्हणणं शिंपले-लिंबू-पाव असलेल्या टेबलांपुरतं आहे. तिथे पण बळंच कवटी शोधू नका. गिऱ्हाइकाच्या मनात काय यायचं ते येवो, पण पैसे तो कशाचे देत होता? सुविचार तर छापील पुस्तकात काही स्टायव्हरला (तिकडची चिल्लर नाणी) मिळत होते.

उलटतपासणी
गिऱ्हाईक दोन्हीचे देत होता. छान वस्तू बघायची हौस पण भागते आणि वर आपण धार्मिक पण आहोत असं वाटतं. डबल फायदा. आपल्याकडे सत्यनारायणाला जेवणावळी घालतात तसलाच प्रकार, पुण्य पण आणि बासुंदी पण.

निळीशाई
हे मात्र बरोबर बोललात. इथे थांबूया, नाहीतर धागा शंभरीला जाईल.

वेंगुर्लेकर
मिऱ्याची पुडी वाचून लॉगिन केलं. आमच्या वेंगुर्ल्यात डच वखार आहे, पडकी. १६३७ च्या सुमारास डच ईस्ट इंडिया कंपनीने आदिलशाहीच्या परवानगीने तिथे ठाणं केलं, गोव्यातल्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करायला जी जहाजं यायची त्यांना दाणापाणी मिळावं म्हणून. म्हणजे हेडा तिकडे सोनेरी पेला रंगवून उठला आणि दोन वर्षांत ह्याच कंपनीची माणसं आमच्या बंदरात. लहानपणी आम्ही त्या भिंतीत लपाछपी खेळायचो, आता झाडांची मुळं भिंतीत घुसलीयत, संरक्षित स्मारक म्हणतात पण संरक्षण कुणाचं कुणापासून देव जाणे.

अजून एक गोव्याचं कनेक्शन. या चित्रांत निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचे वाडगे दिसतात बघा, फळं ठेवलेले. क्लाझच्या १६२७ च्या टर्की पायवाल्या (पाय म्हणजे इंग्रजीतला pie) चित्रात पण आहे. ही चिनी भांडी हॉलंडमध्ये पहिल्यांदा मोठ्या संख्येने आली ती विकत घेऊन नाही, लुटून. १६०२ साली गोव्याहून लिस्बनला निघालेलं सांतियागो नावाचं पोर्तुगीज जहाज डचांनी सेंट हेलेना बेटापाशी पकडलं आणि माल मिडलबर्गला नेऊन विकला. त्या जहाजावर फ्रान्चेस्को कार्लेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी होता, जगाला वळसा घालून गोव्यात राहून घरी निघालेला, त्याचा सगळा माल गेला, आणि बिचारा पुढे किती वर्षं कोर्टकचेऱ्या करत बसला. पुढच्या वर्षी सांता कातारिना हे दुसरं पोर्तुगीज जहाज पकडलं, त्यातली भांडी १६०४ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलावात गेली आणि मग प्रत्येक श्रीमंताला ती पाहिजेच झाली. त्यामुळे टेबलावरचा वाडगा मला तरी नुसता वाडगा दिसत नाही.

कडूकारलं
शेवटी कुणीतरी बोललं. मी तेच म्हणणार होतो. उजेड, खिडकी, लिंबाची साल, सगळं ठीक आहे हो, पण इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर १६२१ ला कंपनीने काय केलं ते गूगल करा. माणसं मारून बेटं रिकामी केली. ब्राझीलची साखर गुलामांनी पिकवलेली. आणि मिरीची पुडी बघून आपण आहाहा करायचं. टेबलावरून माणूस उठून गेलाय म्हणताय, त्या टेबलावर माणूस कधी नव्हताच, ज्यांनी ते पिकवलं त्यांना तिथे जागाच नव्हती.

वेंगुर्लेकर
कारलेबुवा, मुद्दा मान्य पण बांदा म्हणजे जायफळ-जायपत्री. मिरी नाही. त्या काळात डचांकडे मिरी यायची ती बरीचशी जावातल्या बांतामची आणि सुमात्राची. मलबारची मिरी तेव्हा पोर्तुगिजांच्या वाटेत होती, कोचीन डचांनी घेतलं १६६३ मध्ये, तोवर हेडाचं बहुतेक काम रंगवून झालं होतं. भांडायचं तर मसाला तरी बरोबर धरून भांडू.

कडूकारलं
जायफळ तर जायफळ. मुद्दा बदलत नाही.

निळीशाई
नाही बदलत. पण माझी अडचण वेगळी आहे. ही चित्रं त्यावर काहीच बोलत नाहीत, ना बढाई ना लाज. तंबाखूची चिलीम, साखर, मिरी सगळं हार्लेमच्या बियरशेजारी असं ठेवलेलं असतं जणू परसात उगवलंय. मला वाटतं हे गप्प बसणंच त्या काळाबद्दल जास्त सांगतं, आणि त्यासाठी ती बारकाईने बघायलाच हवीत, तोंड फिरवून काय होणार.

सांचो_पुणेकर
सगळे हॉलंडमध्येच अडकलात, जरा स्पेनला चला. हुआन सांचेझ कोतान. तोलेदोचा. त्याचं एक चित्र आहे साधारण १६०२ चं, सध्या अमेरिकेत सॅन दिएगोच्या म्युझियममध्ये. एक दगडी खिडकीसारखी चौकट, मागे काळाकुट्ट अंधार. डावीकडे वर दोरीने बांधलेलं क्विन्सचं फळ, त्याखाली दोरीलाच लटकणारा कोबी, मग कापलेलं खरबूज आणि उजवीकडे काकडी, तिचं टोक चौकटीच्या बाहेर आपल्या अंगावर आलेलं. क्विन्सपासून काकडीपर्यंत एक वक्र रेघ खाली येते, मोजून मापून. आणि काही नाही. ना टेबल ना चांदी ना पेला.

फळं लटकवलीयत ती काही गूढ वगैरे म्हणून नाही, तिकडे थंड कोठारात भाज्या अशाच टांगून ठेवायचे, लवकर सडू नयेत म्हणून. आपलं शिंकंच. पण त्या काळोखात कोबी असा उजळतो की हा कोबी आहे हे आपण विसरतो. कोतानने १६०३ मध्ये तोलेदोतलं दुकान बंद केलं आणि कार्थुसियन मठात गेला. हे लोक मौन पाळणारे, मांस न खाणारे. आता यावरून लगेच सगळे म्हणतात की बघा चित्रातच वैराग्य दिसतं. पण तेच चित्र काढताना गडी अजून बाजारात होता, गिऱ्हाइकांसाठी पोर्ट्रेटं आणि देवादिकांची चित्रं काढून पोट भरत होता, हे कुणी सांगत नाही.

दुसरा झुर्बरान. त्याने सही आणि तारीख घातलेलं एकच स्थिरचित्र आहे, १६३३ चं, पासाडेनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये. ताटात लिंबं, टोपलीत संत्री, आणि एका ताटलीत कप आणि गुलाब. तीन वस्तू एका ओळीत, एकमेकींना न शिवता. माझ्या मते हार्लेमच्या सगळ्या पसाऱ्यावर ही एक ओळ भारी आहे. मारा दगड.

निवृत्त_कलाशिक्षक
दगड कशाला, झुर्बरानबद्दल शब्द नाही. पण स्पेनच्या यादीत पोरसवदा वेलास्केझ राहिला. अंडी तळणारी म्हातारी, १६१८, एडिनबरोला आहे. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर. मातीच्या भांड्यात अंड्याचा पांढरा भाग आत्ता घट्ट होतोय, कडेला घट्ट आणि मध्ये अजून पारदर्शक. आणि पितळी खलबत्ता, लाल मिरची, वाडग्यावर आडव्या सुरीची सावली. नुसतं स्थिरचित्र नाही म्हणा, माणसं आहेत, पण माणसांपेक्षा भांडी जास्त जिवंत आहेत असं मी वर्गात म्हणायचो आणि पोरं हसायची.

शिरीषपुष्प
वाचून झालं. एवढ्या चर्चेत एकही बाई नाही हे कसं चालेल? क्लारा पीटर्स. ॲन्टवर्पची, क्लाझ-हेडाच्याही आधीची. तिच्याबद्दल कागदोपत्री फारच थोडं हाताला लागतं, चित्रं मात्र आहेत. हेगच्या मॉरित्सहाउस म्युझियममध्ये तिचं चीज, बदाम आणि प्रेत्झेलचं चित्र आहे, साधारण १६१५. चीजवर कापल्याच्या खुणा, ताटलीत लोण्याच्या वळकट्या, पुढे चांदीच्या मुठीची सुरी. त्या सुरीवर तिने स्वतःचं नाव कोरल्यासारखं रंगवलंय. आणि मागे जी सुरई आहे तिच्या धातूच्या झाकणात बारीक बघितलं तर टोपी घातलेल्या बाईचा चेहरा आहे, म्हणजे ती स्वतः. तिने अशी बऱ्याच चित्रांत स्वतःला भांड्यांत लपवलीय, एका सोनेरी पेल्याच्या फुगवट्यांवर तर परत परत.

त्या काळात बाईला नग्न मॉडेलवरून शिकायची सोय नव्हती, त्यामुळे पुराणकथा, लढाया हे सगळं पुरुषांकडे, आणि मोठेपणाही तिकडेच. १६६७ मध्ये पॅरिसला फेलिबियँ नावाच्या कलालेखकाने जी चित्रविषयांची उतरंड लिहिली त्यात फळं-शिंपले तळाला. डचांमध्ये पण होखस्ट्राटेन या चित्रकाराने १६७८ मध्ये या लोकांना कलेच्या सैन्यातले साधे शिपाई म्हटलं. तर या साध्या शिपाईबाईला माद्रिदच्या प्रादो म्युझियमने २०१६ मध्ये स्वतंत्र प्रदर्शन दिलं, आणि प्रादोच्या इतिहासात एखाद्या स्त्री चित्रकाराचं ते पहिलंच. जवळजवळ दोनशे वर्षं लागली म्युझियमला.

कोकणचाकर
ताई, लोण्याची ताटली चीजवर ठेवलीय का? तिकडे म्हणे दुधावर दूध म्हणजे सैतानाचं काम असं म्हणायचे. उधळेपणा.

शिरीषपुष्प
हो दादा, चीजच्या चळतीवरच. तिने ऐकलं नाही त्यांचं :)

जुनीबखर
गिऱ्हाईक कोण यावर वर वाद झाला म्हणून एक सांगतो. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६४० मध्ये ॲमस्टरडॅमला होता. त्याने लिहिलंय की इथे चित्रांची हौस अशी की खाटीक आणि पाववाले दुकानात चित्रं लावतात, आणि लोहार-चांभाराच्या भट्टीपाशी किंवा टपरीत पण एखादं असतंच. म्हणजे दरबारचे, चर्चचे चित्रकार हे नव्हेत, उघड्या बाजारात विकणारे. एका वर्गातल्या अभ्यासकांचं म्हणणं असंही आहे की रंग कमी करून करडं-तपकिरी रंगवायला लागले त्याचं एक कारण काम लवकर उरकतं आणि स्वस्त पडतं हे होतं, निदान निसर्गचित्रांत तरी.

आणि हाच मंडी त्याआधी इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. १६३० ते ३२ चा जो दुष्काळ गुजरात आणि दख्खनवर पडला तो त्याने डोळ्यांनी बघून लिहून ठेवलाय, सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यावरची प्रेतं वगैरे. तोच दुष्काळ ज्याबद्दल तुकोबांनी स्वतःच्या अभंगात लिहिलंय, दुकान बुडालं, बायको अन्नावाचून गेली. एकाच माणसाने दहा वर्षांच्या आत बुऱ्हाणपूरची वाट पण बघितली आणि ॲमस्टरडॅमच्या पाववाल्याच्या भिंतीवरची चित्रं पण. कारलेबुवांच्या मुद्द्याला हे जोडून घ्या.

कडूकारलं
हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

रंगपेटी
मधेच एक बाळबोध शंका. मुलीला डच फुलांची चित्रं दाखवत होते (ट्युलिपवाली), तर तिने विचारलं आई पानं निळी का आहेत. मी म्हटलं असतील तशी. पण खरंच बऱ्याच चित्रांत पानं निळसर आहेत. स्टाइल आहे का?

निवृत्त_कलाशिक्षक
मुलीची नजर चांगली आहे, जपा. स्टाइल नाही, रंग उडालाय. तेव्हा चांगला टिकाऊ हिरवा सहज मिळत नव्हता, म्हणून निळ्यात पिवळा मिसळायचे किंवा निळ्यावर पिवळ्याचा पारदर्शक थर द्यायचे. तो पिवळा बरेचदा वनस्पतींपासून केलेला, उजेडाने शंभर-दोनशे वर्षांत फिका पडला, खाली निळा उरला. चित्रकाराने हिरवीच रंगवली होती. आणि हे पण सांगा तिला की एकाच फुलदाणीतली ती फुलं एकाच वेळी कधीच उमलत नाहीत, वसंतातलं आणि उन्हाळ्यातलं एकत्र आहे, वेगवेगळ्या अभ्यासचित्रांवरून जुळवलेलं.

रंगपेटी
भारीच! सांगते. सर, तिला घरी स्थिरचित्र करायला बसवायचं तर काय मांडू? शाळेत नुसतं घन आणि शंकू देतात.

निवृत्त_कलाशिक्षक
तीन वस्तू, जास्त नको. एक चकचकीत, एक खरबरीत, एक मऊ. स्टीलचा पेला, कवठ किंवा नारळ, आणि तुमची जुनी कॉटनची ओढणी. ट्यूबलाइट बंद, एका बाजूने एकच खिडकी. आणि बाई, पेल्याला पांढरा रंग लावू देऊ नका लगेच, आधी दहा मिनिटं नुसतं त्यात काय काय दिसतंय ते बोलून दाखवायला सांगा.

सांचो_पुणेकर
निळीशाई, एप्रिलमध्ये ऑफिसच्या कामाने ॲमस्टरडॅमला येतोय, एक दिवस मोकळा मिळेल. झुर्बरान भारी म्हटलं तरी तुमचा हेडा बघायची इच्छा झालीय. राइक्सम्युझियम पुरेल की हार्लेमला पण जाऊ?

निळीशाई
एकच दिवस असेल तर सकाळी राइक्सम्युझियम, उघडतानाच. सगळी गर्दी रेम्ब्रांटच्या नाइट वॉचकडे पळते, तुम्ही आधी क्लाझचं टर्की पायवालं आणि हेडा गाठा. आद्रियान कोर्तेची शतावरीची जुडी पण बघा, १६९७ ची, एवढंसं चित्र आहे, मागे काळोख आणि नुसती पांढरी जुडी. हा कोर्ते गिल्डचा (चित्रकारांच्या संघाचा) सभासद नसताना चित्रं विकली म्हणून दंड झालेला माणूस, आणि नंतर विसाव्या शतकापर्यंत त्याला कुणी विचारलंही नाही. तुमच्या कोतानच्या जातकुळीतला आहे, आवडेल. दुपारी हार्लेमला फ्रान्स हाल्स म्युझियम, तिथे दोघांचीही चित्रं आहेत, स्टेशनपासून चालत जाता येतं. फक्त सोमवार धरू नका, त्या दिवशी ते बंद असतं. तिकीट दोन्हीकडचं ऑनलाइन काढा, राइक्सला वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो, आणि एप्रिलमध्ये ट्युलिप बघायला आलेली जनता असते त्यामुळे स्लॉट आधीच संपतात.